आमदारांचा आठवडी अहवाल: फोटो कमी, क्रमांक जास्त

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की आमच्याकडे धानाचे पोते काट्यावर असते, कापसाचा दुसरा वेचा चालू असतो, तूर शेंगांवर आलेली असते आणि मोबाईलवर आमदारांचे ‘अधिवेशन वृत्त’ येऊ लागते. आधी फक्त विधानभवनाच्या पायऱ्यांवरचे फोटो यायचे. आता काही आमदार आठवड्याच्या शेवटी लेखी अहवालही पाठवतात. ही पद्धत चांगली आहे, ती वाढावी. पण या अहवालांत तीन वाक्ये फिरून फिरून येतात: ‘सभागृहात आवाज उठवला’, ‘शासनाचे लक्ष वेधले’ आणि ‘मंत्रिमहोदय सकारात्मक’. तहसील कार्यालयात, कृषी सहायकाकडे किंवा खरेदी केंद्रावर जाऊन यातले एकही वाक्य पडताळता येत नाही. जे पडताळता येत नाही ते मतदाराच्या कामाचे नाही.

हे पत्र विशेषतः त्या आमदारांसाठी आहे, जे स्वतःला परंपरावादी, उजव्या विचारांचे म्हणवतात. कर आटोपशीर असावेत, सरकारने उधळपट्टी करू नये, पै-पैचा हिशेब द्यावा, असे ते भाषणात सांगतात. भूमिका मान्य असो वा नसो, हिशेबाचा आग्रह ज्याने धरला त्याचा स्वतःचा आठवडी अहवाल तरी हिशेबाचा असावा, ही अपेक्षा रास्त आहे.

अमेरिकेतल्या राज्यांच्या विधिमंडळांत ही चाल जुनी आहे. तिथले अनेक सदस्य अधिवेशनाच्या काळात दर आठवड्याला मतदारांना पत्र पाठवतात आणि त्यात परंपरावादी रिपब्लिकन सदस्य आवर्जून असतात. विधेयकाचा क्रमांक, ते कोणत्या समितीपुढे आहे, सुनावणी कधी, मी बाजूने मत दिले की विरोधात आणि का, असा त्या पत्राचा ढाचा असतो. टेक्सासचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी भरते आणि 140 दिवसांच्या पुढे जात नाही. त्यामुळे कोणते विधेयक कुठे अडकले हे दर आठवड्याला सांगण्याला तिथे अर्थ असतो.

तो ढाचा जसाच्या तसा उचलून मात्र इथे चालणार नाही. ‘मी विरोधात मत दिले’ हे वाक्य आपल्या आमदाराला सहसा लिहिताच येत नाही. 1985 साली घटनेत दहावी अनुसूची आली तेव्हापासून पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. शिवाय बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. ‘होय’चे बहुमत, ‘होय’चे बहुमत, विधेयक संमत. कोण काय म्हणाले याची नावनिशी नोंद राहत नाही. कोणी मतविभाजन मागितले तरच ती होते. तेव्हा आपल्याकडे मत पक्षाचे असते आणि आमदाराचे स्वतःचे म्हणता येईल असे काम चार ठिकाणी दिसते: त्याने विचारलेला प्रश्न, त्याने सुचवलेली दुरुस्ती, समितीतले त्याचे काम आणि खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवरचे त्याचे भाषण. अहवालात हेच हवे.

प्रश्नांपासून सुरुवात करू. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर येते. तारांकित प्रश्न यादीत असूनही प्रश्नोत्तराच्या तासात त्याचा क्रम लागला नाही, तर त्याचेही उत्तर लेखीच राहते. तो तास गोंधळात वाहून गेला तरी तेच. म्हणजे ‘तारांकित प्रश्न विचारला’ एवढे लिहून भागत नाही. प्रश्न चर्चेला आला की नुसता छापला गेला, हे सांगावे लागते. तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या लक्षवेधी सूचनेचेही तसेच. नियम 105 खाली लक्षवेधी देतात बरेच जण, मान्य होतात त्यातल्या काही आणि पुकारल्या जातात त्याहून कमी. ‘लक्षवेधी दिली’ आणि ‘लक्षवेधी लागली’ यात पेरणी आणि मळणीएवढे अंतर आहे. औचित्याचा मुद्दा मांडला तर नोंद होते, पण मंत्री तिथल्या तिथे उत्तर देतीलच असे नाही. अहवालात हे तिन्ही एकाच ‘आवाज उठवला’खाली येतात आणि वाचणाऱ्याला तिन्ही सारखेच वाटतात.

प्रश्नाची छापील रचना ठरलेली आहे. पहिला भाग घटनेचा: अमुक तालुक्यात अमुक झाले, हे खरे आहे काय? पुढचे भाग ‘असल्यास’ने सुरू होतात: चौकशी केली काय, त्यात काय आढळले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? शेवटचा भाग बहुधा ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ हा असतो. उत्तरांचीही भाषा ठरलेली. ‘हे खरे आहे’ आले तर खात्याने घटना कबूल केली, पुढचा पाठपुरावा सोपा. ‘हे अंशतः खरे आहे’ हे सगळ्यांत कामाचे उत्तर, कारण कोणता अंश खरा हे पुढे लिहिलेले असते आणि भांडण नेमके तिथे करायचे असते. ‘हे खरे नाही’ आले तर पुढच्या साऱ्या भागांना एकच उत्तर मिळते: ‘प्रश्न उद्भवत नाही’.

यातली खोच लक्षात घ्यावी. पहिल्याच भागात चूक असली, गावाचे नाव चुकले, वर्ष चुकले, ‘सर्व’ लिहिले आणि प्रत्यक्षात नऊपैकी आठ केंद्रे बंद होती, तर खाते ‘हे खरे नाही’ म्हणून मोकळे होते. विषय भलत्याच खात्याला विचारला तरी दिवस वाया जातात. पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावांचे उदाहरण घ्या. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. तलाव फुटला म्हणून जलसंपदा खात्याला प्रश्न टाकला तर तो आधी दुसऱ्या खात्याकडे जाणार. म्हणून आमदाराने अहवालात उत्तर शब्दशः द्यावे, ‘सकारात्मक’ असा सारांश करू नये. गावातल्या माणसाला खरे-खोटे ठाऊक असते. उत्तर चुकीच्या माहितीवर बेतलेले असेल तर तोच पुरावा आणून देतो: फोटो, पंचनामा, काट्याची पावती, सातबारा. त्यावरच पुढचा उपप्रश्न उभा राहतो.

एका प्रश्नाची नोंद किती लांब असावी? चार ओळी पुरतात. ‘तारांकित प्रश्न क्रमांक अमुक, दिनांक अमुक. विषय: तालुक्यातील धान खरेदी केंद्रांवर बारदाना नसल्याने थांबलेली खरेदी. उत्तर: “हे अंशतः खरे आहे” आणि पुढची दोन वाक्ये जशीच्या तशी. पुढे काय: मंत्र्यांनी अमुक तारखेपर्यंत बारदाना देण्याचे सांगितले, तो न मिळाल्यास केंद्राचे नाव व दिनांक कळवा.’ बस. यात फोटो लागत नाही.

मंत्र्याने सभागृहात ‘करू’ म्हटले की ते आश्वासन होऊ शकते, आणि त्याचा माग ठेवायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. ‘तपासून पाहू’, ‘विचार करू’ ही पळवाट की आश्वासन, यावर खाते आणि समिती यांची ओढाताण चालते. आमदाराने दर अधिवेशनाच्या पहिल्या अहवालात मागच्या अधिवेशनातली आपल्या भागाशी संबंधित आश्वासने आणि त्यांची आजची स्थिती द्यावी. एवढी एक सवय लागली तरी ‘सकारात्मक’ हा शब्द अर्धा होईल.

आता घोषणांकडे. शेतकऱ्याचे सगळ्यांत जास्त हेलपाटे इथेच होतात. डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात धान उत्पादकांना हेक्टरी 20,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी प्रोत्साहनपर रक्कम जाहीर झाली. त्या संध्याकाळी भंडारा-गोंदियात प्रत्येक मोबाईलवर हार-तुऱ्यांचे फोटो होते. दुसऱ्या दिवसापासून बँकेत विचारणा सुरू झाली. पण सभागृहातल्या घोषणेपासून खात्यावरच्या जमेपर्यंत पाच पायऱ्या असतात. आधी घोषणा, मग शासन निर्णय. त्यासाठी अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागणीत तरतूद. मग ती रक्कम बीम्स या संगणक प्रणालीवर खात्याला वितरित होणे. शेवटी जिल्ह्याने याद्या तपासून खात्यात टाकणे. पैसे अडकतात ते बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या पायरीत. तरतूद झाली पण वितरण टप्प्याटप्प्याने. वितरण झाले पण यादीत नाव नाही. यादीत नाव आहे पण आधार बँक खात्याला जोडलेले नाही. सातबारा सामाईक, चार भावांपैकी नोंदणी एकाच्याच नावे. या योजनेत धान विकले की नाही यापेक्षा मुदतीत नोंदणी झाली की नाही हे महत्त्वाचे होते. आमदाराच्या त्या आठवड्याच्या अहवालात अभिनंदनाच्या जागी नोंदणीची शेवटची तारीख आणि लागणारी कागदपत्रे असती तर कितीतरी लोकांची खेप वाचली असती.

शासन निर्णय निघाला असे आमदार म्हणत असतील तर त्याचा सांकेतांक द्यावा. शासनाच्या संकेतस्थळावरच्या प्रत्येक निर्णयावर अठरा आकडी सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. 20231226 ने सुरू होणारा सांकेतांक दिसला की तारीख आपोआप कळते. तो संकेतस्थळावर टाकला की निर्णय उघडतो, अटी वाचता येतात. सांकेतांक नाही, फक्त ‘जीआर निघाला’ असा मजकूर आहे, तर तो निघाला नाही असेच समजावे. निदान दिसेपर्यंत तरी.

पुरवणी मागण्यांबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण काटकसरीची खरी परीक्षा तिथे होते. मार्चमध्ये अर्थसंकल्प संमत झाल्यावर वर्षभरात लागणारा जादा खर्च सरकार पुरवणी मागण्यांनी मागते. हिवाळी अधिवेशन 2023 मध्ये अशा मागण्या 55,520 कोटींच्या होत्या. जुलै 2024 मध्ये 94,889 कोटींच्या. त्यात महिला व बालविकास विभागाचेच 26,273 कोटी, मुख्यत्वे लाडकी बहीण योजनेसाठी. डिसेंबर 2024 मध्ये 35,788 कोटी, जून-जुलै 2025 च्या अधिवेशनात 57,509 कोटी. दुसरीकडे 2025-26 चा अर्थसंकल्प 7,00,020 कोटींचा, त्यातली महसुली तूट 45,891 कोटींची आणि राज्याच्या कर्जाचा अंदाज 9.32 लाख कोटींचा. ‘खर्चाला शिस्त हवी’ म्हणणाऱ्या आमदाराने या रकमांवर काय म्हटले? पक्ष सत्तेत असेल तर तो कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा असा प्रस्ताव, देणार नाही, हे समजण्यासारखे आहे. पण चर्चेत भाग घेतला का, कोणत्या विभागाच्या मागणीवर बोलला, आपल्या मतदारसंघाला त्यातले काय आले, हे सांगायला पक्षादेश आड येत नाही. शेवटच्या दिवशी चर्चेविना उरलेल्या मागण्या एकत्र मतास टाकतात. आपल्या कामाची मागणी त्यात गेली असेल तर तसेही लिहावे.

पुरवणी मागणीच्या पुस्तकात दोन आकडे वेगळे वाचायचे असतात, स्थूल आणि निव्वळ. जुलै 2025 च्या 57,509 कोटींतला तिजोरीवरचा निव्वळ भार सुमारे 40,645 कोटींचा होता. उरलेल्या रकमेत जमाखर्चाच्या समायोजनाचा आणि दुसरीकडून भरून येणाऱ्या रकमेचा भाग असतो. विरोधक मोठा आकडा सांगतात, सत्ताधारी छोटा. अहवालात दोन्ही असावेत. दुसरी गोष्ट लाक्षणिक तरतुदीची. एखाद्या कामापुढे हजार रुपये असा आकडा दिसला तर हसू नये आणि हुरळूनही जाऊ नये. त्याचा अर्थ एवढाच, की सभागृहाने त्या नव्या खर्चाला दार उघडले; पैसे अजून यायचे आहेत. ‘पुलाचा पुरवणी अर्थसंकल्पात समावेश’ असा फलक चौकात लागतो तेव्हा त्या पुलापुढे कोटी आहेत की हजार, हे फलकावर नसते. अहवालात तरी असावे.

लेखाशीर्षांचे, म्हणजे सरकारी खर्चाच्या शीर्षांचे, आकडे आता गावातल्या पोरांनाही पाठ झाले आहेत. ‘पंचवीस पंधरा’तून सभामंडप, ‘पन्नास चोपन्न’मधून रस्ता. 2515 हे ग्रामविकासाचे शीर्ष, त्यातली 1238 ही योजना लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांची. 3054 रस्ते-पुलांची देखभाल-दुरुस्ती आणि 5054 त्यांचाच भांडवली खर्च. या कामांच्या बातमीत ‘मंजूर’ हा एकच शब्द चार अर्थांनी येतो: प्रशासकीय मान्यता मिळाली, तांत्रिक मान्यता मिळाली, निविदा निघाली किंवा कार्यारंभ आदेश दिला. पांदण रस्त्याच्या कामाला प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे पुढच्या पावसाळ्यात बैलगाडी जाईल असे नाही. मोजणी व्हायची असते, धुऱ्यावरचे अतिक्रमण निघायचे असते. आदेश निघाला तरी देयके वेळेवर मिळाली नाहीत तर कंत्राटदार गिट्टी टाकून जातो आणि चिखलात गिट्टी गाडली जाते. चारपैकी नेमकी कोणती पायरी, एवढा एक शब्द अहवालात लिहिला की पुरे. आमदार निधीतली कामे तर या अहवालात नकोच. वर्षाला पाच कोटींचा तो निधी, त्यातली कामे आमदाराने सुचवायची आणि प्रशासनाने करायची. तो विधिमंडळाच्या कामकाजाचा भाग नाही. त्याची यादी वर्षातून एकदा वेगळी द्यावी.

विधेयकांच्या बाबतीत ‘कायदा झाला’ हे शब्द फार लवकर वापरले जातात. विधेयक पुरःस्थापित होते, म्हणजे मांडले जाते, विचारार्थ घेतात, एकेका कलमावर खंडशः चर्चा होते, संमत होते. मग दुसऱ्या सभागृहात तोच प्रवास. मग राज्यपालांची मान्यता, राजपत्र, आणि कित्येकदा नियम. विषय केंद्राच्या कायद्याशी भिडत असेल तर राष्ट्रपतींकडे. उजव्या विचारांच्या आमदारांना याचे सगळ्यांत जवळचे उदाहरण स्वतःच्याच पक्षांच्या इतिहासात मिळेल. गोवंश हत्याबंदीची व्याप्ती बैल-वळूंपर्यंत नेणारे विधेयक युती सरकारच्या काळात, 1995 साली विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची मान्यता मिळून ते अमलात आले 2015 साली. मधली वीस वर्षे ‘आम्ही कायदा केला’ हे वाक्य अर्धेच खरे होते. डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलेले, महिला व बालकांवरील अत्याचारांना कडक शिक्षा ठरवणारे शक्ती विधेयक तर राष्ट्रपतींच्या मान्यतेवाचून कायदा होऊच शकले नाही.

शेतकऱ्याला रोज भिडणारे उदाहरण तुकडेबंदीचे आहे. शेतजमिनीचे ठरलेल्यापेक्षा लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्याविरुद्ध झालेले व्यवहार नियमित करायला बाजारमूल्याच्या 25 टक्के भरावे लागत. ऑक्टोबर 2024 मध्ये अध्यादेशाने ते 5 टक्के केले आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात त्याचे विधेयक आले. विधेयक का, तर अध्यादेश विधिमंडळाची बैठक सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी आपोआप संपतो. ज्याचे दहा गुंठे गेली पंधरा वर्षे नुसत्या इसारपावतीवर पडून आहेत, त्याला या एका बातमीतून तीन गोष्टी कळायला हव्यात: अध्यादेश चालू आहे का, विधेयक दोन्ही सभागृहांत झाले का, आणि तहसीलदाराकडे त्याचे परिपत्रक पोचले का. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. आणि हेही वेगळे सांगावे लागते, की 2023 च्या ऑगस्टमध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ठरवलेले प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याची किमान मर्यादा, जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे, ही निराळी बाब आहे. दोन्ही एकाच दमात सांगितल्या की लोक पाच गुंठ्यांची खरेदी करायला दुय्यम निबंधकाकडे रांग लावतात.

विधेयक समितीकडे गेले असेल तर तो आठवडा सगळ्यांत महत्त्वाचा. नक्षलवादाला आवर घालण्यासाठी म्हणून आणलेले विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै 2024 मध्ये आले, डिसेंबरात नागपूरला पुन्हा मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले, समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या आणि 10 जुलै 2025 रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. गडचिरोली-गोंदियाशी ज्या विधेयकाचा थेट संबंध, त्यावर सूचना पाठवायची मुदत किती आणि कुठे पाठवायची, हे त्या भागातल्या किती ग्रामपंचायतींच्या फलकावर लागले होते? बाजूने असो वा विरोधात, सूचना मुदतीत गेली तर कागदावर राहते. मुदतीनंतर उरतो तो पारावरचा वाद.

काही प्रश्न तर विधिमंडळात सुटणारेच नसतात आणि ते तसे सांगायला धाडस लागते. झुडपी जंगलाचे घ्या. नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांतली खुरट्या झाडोऱ्याची ही 86 हजारांवर हेक्टर जमीन. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच मानली. 12 डिसेंबर 1996 पूर्वी ज्या जमिनींचे वाटप किंवा वापरबदल झाला, त्यांच्यासाठी राज्याने 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी घ्यायची आहे, आणि त्यानंतरच्या वाटपांची छाननी कडक आहे. अशा विषयावर ‘लवकरच पट्टे’ असे अहवालात लिहिणे म्हणजे लोकांना पुन्हा भूमी अभिलेखच्या पायऱ्या झिजवायला लावणे. आपल्या तालुक्याची यादी जिल्हाधिकाऱ्यांकडून गेली का, कोणत्या गटांची गेली, ती केंद्राकडे कधी पाठवली, एवढे विचारून लिहिले तर ते खरे काम.

समित्यांचे काम थोडक्यात. लोकलेखा, अंदाज, पंचायत राज, अनुसूचित जमाती कल्याण अशा समित्यांवर आमदार असतात, जिल्ह्यात दौरे करतात, अधिकाऱ्यांना फैलावर घेतात. बातमी फैलावर घेण्याची येते. समितीने काय नोंदवले, अहवाल सभागृहात कधी मांडला, हे येत नाही. विनंती अर्ज समिती तर बहुतेकांना माहीतच नाही. नागरिकाला आमदाराच्या मार्फत विधिमंडळाकडे अर्ज करता येतो, आणि तो कसा करायचा याचा नमुना एकदा अहवालासोबत पाठवला तर कोणाचे काही जाणार नाही.

आता नागपूर अधिवेशनाच्या वेळापत्रकाकडे. 1953 च्या नागपूर करारात वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचे ठरले. गेल्या काही वर्षांत ते किती चालते ते पाहा: 2023 मध्ये 7 ते 20 डिसेंबर, 2024 मध्ये 16 ते 21, 2025 मध्ये 8 ते 14. 2024 मध्ये तर मंत्री होते, खाती नव्हती; खातेवाटप झाले शेवटच्या दिवशी रात्री. अधिवेशनच एका आठवड्याचे असेल तर आठवडी अहवाल म्हणजे शेवटचा अहवाल. प्रश्नांच्या सूचना कितीतरी आधी द्याव्या लागतात, म्हणून नागपूरसाठी माणसांनी माहिती द्यायची वेळ डिसेंबर नव्हे, दिवाळीच्या आधीची आहे. आमदाराने ऑक्टोबरातच विचारावे: कोणत्या केंद्रावर काटा बंद, कोणत्या फिडरवर रात्रीचीच वीज, कोणत्या मंडळात पंचनामा झाला नाही. गाव, गट क्रमांक, तारीख आणि एक कागद, एवढे मागावे. अधिवेशनात गळ्यात कापसाच्या माळा घालून पायऱ्यांवर उभे राहणे चालायचेच, पण माळेला प्रश्न क्रमांक नसतो.

पाठवण्याची रीतही साधी असावी. चित्रावर छापलेला मजकूर पाठवू नये. व्हॉट्सॲपवर शोधताना तो सापडत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला अक्षर मोठे करून वाचता येत नाही. साधा मजकूर, चारशे शब्दांच्या आत, वर दिनांक. एक छापील प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर. ज्या आठवड्यात मतदारसंघाचे काहीच झाले नाही, त्या आठवड्यात ‘या आठवड्यात काही नाही’ असे लिहावे. लोक रागावणार नाहीत, उलट बाकीच्या आठवड्यांवर त्यांचा विश्वास बसेल. अधिवेशन नसताना दर आठवड्याला लिहायची गरज नाही. महिन्यातून एकदा पाठपुराव्याची नोंद पुरे.

वाचणाऱ्यांनीही नुसते अंगठे दाखवू नयेत. अहवालात क्रमांक असेल तर प्रश्नोत्तरे विधिमंडळाच्या संकेतस्थळावर आणि शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. नसेल तर संबंधित खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, नाहीतर तो त्याच कारणाने परत येतो. ‘अमुक कामाची सर्व माहिती’ असे मोघम लिहू नये. ‘अमुक कामाच्या प्रशासकीय मान्यतेची प्रत, कार्यारंभ आदेशाची प्रत आणि आजवर वितरित निधीचा आदेश’ असे तीन कागद मागावेत. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. ते आमदाराच्या अहवालाशेजारी ठेवले की कळते.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. अधिवेशनाच्या काळात तालुका पानावर दर सोमवारी एक छोटी चौकट द्यावी: आपल्या भागातल्या आमदारांचे त्या आठवड्यातले प्रश्न क्रमांक, लक्षवेधी लागली की नाही, आणि पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात तालुक्याच्या नावापुढे कोणते लेखाशीर्ष आणि किती रुपये. पुस्तक अधिवेशनाच्या सुरुवातीलाच सभागृहात ठेवतात, त्यामुळे पहिल्या सोमवारी ते तुमच्या नागपूर प्रतिनिधीच्या हातात असायला अडचण नसावी.

कळावे,
विधिमंडळ कामकाजाचे काही नियमित वाचक
लाखनी, जि. भंडारा